समोरचं वजन

मेहरूण तलावाजवळच्या जुन्या बागेत हाताने फिरवायचा, चार झोक्यांचा लाकडी पाळणा अजून आहे. लहानपणी आम्ही घरचे सगळे त्यात बसायचो. आई नेहमी माझ्या समोरच्या झोक्यात, डोळे घट्ट मिटून. ती गेल्यावर परवा एकटाच गेलो.

पाळणेवाल्या म्हाताऱ्याने विडी कानावर खोचली, मी बसल्यावर समोरच्या झोक्यात वाळूची गोणी ठेवली आणि मला लावली तशीच तिलाही, पडू नये म्हणून, आडवी दांडी लावली.

“गोणी कशाला, आबा?”

“एकला माणूसवर पाळणा फिरत नही, भाऊ. समोर वजन लागस.”

त्याने खांद्याने पाळणा रेटला. मी वर गेलो की गोणी खाली जायची. पाळणा थांबल्यावर तो गोणी उतरवायला वाकला.

“राहू द्या,” मी म्हणालो. “अजून एक चक्कर.”