मनगटावरचा दाब

माझे आई-वडील दोघंही सोलापुरात एकाच कारखान्यात टॉवेलच्या मागांवर होते. मागांच्या खडखडाटात ओरडूनही ऐकू जात नाही, म्हणून ते एकमेकांचं मनगट दाबून बोलायचे. एक दाब म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. घरी भांडण होऊन अबोला धरला, तरी एवढं बोलणं चालू असायचं.

गेल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. डावा हात तेवढा चालत होता. वडील म्हणाले, "काय अडत न्हाय. आमची भाषा हाय की."

पण अडलंच. आईचा दुसरा दाब फार उशिरा यायचा, आणि वडील जन्माचे उतावळे. पहिला दाब लागला की तांब्या आणायला पळायचे. नको म्हणणारीला पाणी पाजलं जायचं. ती तोंड फिरवायची, वडील चिडायचे, मला दोघांचाही राग यायचा. तिला काय हवंय हे आपल्याला कधी कळणारच नाही, अशी भीती मला वाटू लागली होती.

मी मागांचे कंट्रोलर बोर्ड दुरुस्त करतो. दोन बोर्ड तारेवरून बोलतात त्याच्या दोन रीती असतात. एकीत वेग आधीच ठरलेला असतो. सुरुवातीची खूण मिळाली की ऐकणारा आपल्याच घड्याळानं मोजत सुटतो, त्यामुळे बोलणारा मंदावला की भलतंच वाचलं जातं. दुसरीत ठोका द्यायला वेगळी तार असते. ठोका पडेल तसं वाचायचं. ठोका सावकाश पडला, तरी बिघडत नाही. एका दुपारी बोर्ड तपासताना वाटलं, आमच्या घरात ही ठोक्याची तारच नाही.

संध्याकाळी वडिलांना म्हटलं, "ठोका आपण द्यायचा. एक गोष्ट विचारायची आणि थांबायचं. हवं असेल तर ती दाबेल, नको असेल तर काहीच करणार नाही."

"थांबायचं किती?"

"तिचे दोन श्वास होईस्तोवर."

वडिलांनी तिचा हात हातात घेतला. "पानी?" थांबले. "कूस बदलू?" थांबले. "दुखतंय का?" "पंखा लावू?" "मंद्रूपच्या तुज्या भैनीला बोलवू?" हात तसाच. शेवटी ते वैतागले. "मग मी गप बसू व्हय?"

दोन श्वास झाले आणि दाब आला.

"दाबलं की रं," ते हळूच म्हणाले.

झटक्यापासून आम्ही तिच्याभोवती नुसते बोलतच होतो. मला हसू आलं आणि रडूही. वडील खरोखरच गप्प बसले. बऱ्याच वेळानं हात सोडून उठायला लागले, तेव्हा आईनं पुन्हा दाबलं. या वेळी तिला कुणी काही विचारलं नव्हतं.