अण्णांनी कुलपं काढली तेव्हा

अण्णा गेले, हे मला नसरापूरच्या बाजारात कळलं. सांगणारा पक्का थापाड्या, यापूर्वीही त्यानं जित्या माणसांना मारलेलं. म्हणून भोरला गेलो. अण्णांच्या दारातली चपलांची रास बघितली, तेव्हाच पटलं...

अण्णा भोरच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, मी तिथला शिपाई. शाळा मी तिसरीतच सोडली, पण कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला. पुस्तकासाठी वकीलसुद्धा माझ्यापुढं उभा राहायचा. मग अण्णा पुण्याला ग्रंथपालांच्या वर्गाला गेले आणि बिघडून आले. कुठलं पुस्तक कुठं ठेवायचं ते सांगणारे आकडे पुस्तकांच्या पाठीवर चिकटवले आणि म्हणाले, "सखारामभाऊ, कुलपं काढा. वाचकाला आपल्या हातानं पुस्तक घेऊ दे."

"मग मी कशाला? दारात बसून माशा मारू?"

अण्णा नुसते हसले. मला तेव्हाच वास आला. आकडे काय, कुणीही वाचील. मला काढायचा हा सोपा मार्ग.

त्यातच त्यांनी गावोगावची वाचनालयं चालवणाऱ्यांचा मेळावा भरवला, त्यांना आकडे शिकवायला. संस्थानचा काळ, चार माणसं जमली की पोलीस कान टवकारायचे. त्यांना राजकारणाचा संशय, मला माझ्या जागेचा. भोंगवलीचा एक तरणा गडी भराभरा पुस्तकं लावत होता. हाच माझ्या जागी येणार, असं मी धरूनच चाललो. न राहवून सगळ्यांदेखत विचारलं, "अण्णा, ह्याला कवापासून ठेवताय?"

तो गडीच म्हणाला, "मामा, मला गावातच काम लई हाय. तुमची गादी तुमालाच ऱ्हाऊ द्या!"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "पुस्तक घेईल कुणीही. पण वाचून झालं की मेजावर ठेवायचं. परत लावणार फक्त सखारामभाऊ. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक चोरीला गेल्यासारखंच."

हा नियम ते पुण्याला शिकले, की माझं तोंड बघून तिथल्या तिथं काढला? मी विचारलं न्हाई. संशय अजून आहे. पण पुढं अण्णासुद्धा स्वतः कधी पुस्तक लावायला गेले नाहीत.

परवा त्या चपला ओलांडून त्यांच्या घरात गेलो. खिडकीपाशी त्यांनी शेवटी वाचलेली पुस्तकं तशीच पडलेली. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी म्हणायचे, राहू दे, सखारामभाऊ लावतील."

माझं मन राखायला बोलतात, असं वाटलं. वरच्या पुस्तकावर बोट फिरवून बघितलं... धूळ चांगली जाड होती.

पुस्तकं उचलली न्हाईत. लावली असती, तर माझं काम संपलं असतं.