आधी गेलेल्यांचं काय?

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात शास्त्रज्ञांच्या प्रत्येक पेपराच्या दोन फाइली निघतात, एक छापायची आणि एक वेबसाइटवर टाकायची. माझ्या शेजारच्या टेबलावरचे काका त्यांच्या वाट्याच्या पेपरांच्या दोन्ही फाइली ताडून बघतात. डावं बोट छापील पानावर, उजवं स्क्रीनवर, आणि तोंडाने पुटपुटणं चालू: "शून्य, पॉइंट, पाच... हं, पुढे." मधेच कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. आम्ही हसायचो. सगळं सॉफ्टवेअर करतं, मग एवढं काय बघायचं? आमच्या वाट्याच्या फाइलींवर आम्ही वरवर नजर टाकून सही करायचो.

परवा मी तपासून सही केलेली एक फाइल चुकून त्यांच्याकडे गेली, ती त्यांनी परत आणली. लहान मुलांच्या औषधावरचा पेपर होता.

"अगं, हे बघ."

छापील पानावर पाच मायक्रोग्रॅम होतं, वेबवर पाच मिलिग्रॅम. एका फाइलीतून दुसरी काढताना चिन्ह बदललं होतं आणि डोस हजारपट झाला होता. 

"पकडलंत ना काका, सुटलो बाबा!"

ते हसले नाहीत. "हे पकडलं गं. आधी गेलेल्यांचं काय?"

तेव्हापासून डबा खातानाही ते वेबवरचे जुने पेपर उघडून बसतात. उजव्या हातात पोळीचा घास असतो, म्हणून स्क्रीनवर डावं बोट फिरतं. अधूनमधून घास तसाच ठेवून ते कागदावर काहीतरी टिपतात.

काय सापडलं, ते मी विचारत नाही. त्यातल्या निम्म्या पेपरांच्या चेकलिस्टवर माझी सही आहे.