चौकटकाका आणि माझ्यावरची फुली

वैशू माझ्या हातातच ताठ झाली. जव्हारच्या डेपोत, भर दुपारी, खोडाळ्याची गाडी लागायची होती नि पोरीचे डोळे वर गेले, तोंडाला फेस आला, अंग नुसतं तापलेलं. मी ओरडले. कोणी बोललं चप्पल हुंगव, मी चप्पल हुंगवली, कोणी बोललं कांदा, भाजीवालीनं दिला, तोही फोडून नाकाला लावला, बोट तिच्या दातांत घातलं. आणि समोरच्या बाकड्यावर चौकटकाका बसलेले. मला वाटलं, माझे काका आहेत, आता धावतील. तर ते बघत होते. मांडीवर वही नि हात चालू. किती वेळ ते देव जाणे, मला तासभर वाटला. मग वही टाकून उठले, पोरीला कुशीवर वळवून घेतलं, जीप अडवली नि आम्हाला दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही घाबरत वाचाल, मी घाबरले तेवढं बास.

चौकटकाका हे नाव पोरांनी पाडलेलं, नात्यानं ते माझे कोणी नव्हेत. दोन हातांच्या बोटांची चौकट करून ते एका डोळ्यानं बघायचे. बकरीला बघायचे, कंडक्टरला बघायचे, मी भांडी घासताना मला बघायचे. डेपोमागं त्यांची एक खोली होती, तिथं मी झाडलोट नि भाकरी करायला जायची. नवरा वीटभट्टीवर, मी तान्ह्या पोरीमुळं मागं राहिलेली.

मुंबईत त्यांनी वीस-बावीस वर्षं चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं काढली. भुतं, पैलवान, चोर-पोलीस. पुस्तकावर नाव कंपनीचं, काकांचं कुठंच नाय. एकदा भुताच्या कवटीत बारीक सही लपवली होती, तर मालकानं ती पांढऱ्या रंगानं खोडायला लावली, काकांच्याच हातानं. मग पोरांच्या हातात मोबाईल आले, कंपनी बंद पडली, काका जव्हारला परत. दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले तर फ्लेक्सचं मशीन आलं. "माझ्या पाठीमागं मशीन लागलंय पोरी," बोलायचे, हसायचे, नि मग जेवायचे नाय.

मी आश्रमशाळेत सातवीपर्यंत गेले, पण वाचायला खरं शिकले ते काकांच्या भुतांवर. ते चित्रावर बोट ठेवायचे, मी बोलण्याच्या फुग्यातलं वाचायची. अडखळले तर रागवायचे नाय. "फुगा राहू दे, हात बघ," बोलायचे. "माणूस घाबरला की आधी त्याचे हात घाबरतात, तोंड मागून." मला कोणी कधी असं बसून काही सांगितलं नव्हतं. घरी सासू तर नावानं हाकही मारत नव्हती.

डेपोतल्या त्या दिवसानंतर सहा महिन्यांनी आरोग्य केंद्राच्या आशाताई आमच्या पाड्यावर एक पुस्तक घेऊन आल्या. पोराला फीट आली तर काय करायचं, सगळं चित्रांत, ज्याला वाचता येत नाय त्यालाही कळेल असं. एका संस्थेनं काकांकडून करवून घेतलेलं. पहिल्या पानावर काकांचं नाव छापलेलं, जन्मात पहिल्यांदा. आणि तिसऱ्या पानावर मी. माझंच नाक, माझाच फाटका पदर, हातात चप्पल, नि सगळ्यावर लाल फुली. बाजूच्या चौकटीत दुसरी बाई, नीट नेसलेली, पोर कुशीवर वळवते. तिच्यावर हिरवी खूण. ती कोणीच नव्हे, काकांच्या मनातली.

बायका वाकून वाकून बघत होत्या. "अगं ही तर तू," एक बोलली नि सगळ्या हसल्या. तेव्हापासून खोडाळ्याच्या बाजारात मी फुलीवाली. "काय गं फुलीवाली, आज कांदा कोणाला?"

मी काकांकडं गेले. विचारलं, माझी पोर मरत होती नि तुम्ही चित्र काढत होतात?

"हो," बोलले. "हात आपोआप चालला. असे हात मी आयुष्यात काढले नव्हते."

माफी मागतील वाटलं. तर त्यांनी पेटीतून वहीतलं ते मूळ पान काढलं नि आपण आपलं पोर दाखवतो तसं मला दाखवलं. मी भाकरी तव्यावर टाकून निघून आले. परत गेले नाय.

मग एकदा बाजारात सूर्यमाळची एक बाई आली, ओळख ना पाळख, कडेवर पोरगा. माझे दोन्ही हात धरले. "तुझं चित्र आठवलं म्हणून मी चप्पल खाली टाकली," बोलली. "पोराला कुशीवर घेतलं नि गाडी गाठली." बरं वाटलं, नि रडूही आलं, नि पाठीमागून कोणीतरी हसलंच.

काकांना लकवा झाला तेव्हा त्यांनी निरोप धाडला. मी गेले, तर उजवा हात उशीवर ठेवलेला, कोणाचातरी असावा तसा. संस्थेला ती चित्रं मोठी करून गावोगाव भिंतीवर लावायची होती, छापलेल्यावरून नीट निघत नाय म्हणे, मूळ पान पाहिजे. ते पान काकांनी डाव्या हातानं माझ्याकडं सरकवलं.

"दुसरा चेहरा काढून दिला असता," बोलले, "पण हात गेला. द्यायचं का नाय, तू ठरव. फाडलंस तरी मी रागवणार नाय."

आठ दिवसांत काका गेले. त्यांना उचललं तेव्हा मी लांब उभी राहिले. जवळ जायचं का नाय तेही मला ठरवता आलं नाय.

काल संस्थेचा माणूस पान मागायला आला. मी दार अर्धंच उघडलं. वैशू आता चार वर्षांची. तिनं त्याच्या हातातलं पुस्तक ओढलं, पानं उलटली नि बरोबर तिथं बोट ठेवलं.

"आई, तुझ्यावर फुली कोणी मारली?"

त्या माणसानं खाली बघितलं. माझे हात कापायला लागले, तोंड अजून शांतच होतं, काका सांगायचे तसंच. मी बोलले, पान माझ्याकडं नाय.

पान तांदळाच्या डब्याखाली आहे. तो परवा पुन्हा येणार बोललाय. सूर्यमाळची ती बाई डोळ्यासमोरून जात नाय, तिच्यासारख्या अजून किती असतील, हातात चप्पल घेऊन ओरडत. आणि इकडं माझी पोर, पुढच्या वर्षी शाळेत जाईल, शाळेच्या भिंतीवर आई, आईवर फुली. तुम्ही त्या दारात उभ्या असतात, नि तुमच्या पोरीनं असं विचारलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?