दिवसाची लाइन

वीज आयोगाच्या जनसुनावणीला मी किती वेळा गेले, हे आता मोजत नाही. राज्यात विजेचे नवे दर ठरायचे असले की आयोग लोकांकडून हरकती मागवतो, आणि वर्ध्यातली आमची चारपाच जणांची ग्राहक समिती इमानेइतबारे हरकत नोंदवते. आमचं म्हणणं दर वेळी तेच. गावागावाजवळ सौर प्रकल्प उभारा आणि त्यांची वीज शेतीच्या लाइनवर सोडा, म्हणजे शेतकऱ्याला ती दिवसा मिळेल आणि सगळ्यांनाच स्वस्त पडेल. सिंदी मेघेतल्या घरी बसून मी हे इतक्यांदा टाइप केलंय की आता त्या वाक्यांचा वीट आला आहे. शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हाही दरवर्षी तेच धडे असायचे, पण तिथे निदान मुलं पुढच्या वर्गात जायची.

माझा मोठा भाऊ रोहण्याला शेती करतो. त्याच्या मोटारपंपाला लागणारी थ्री-फेज लाइन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हा सत्तरीकडे झुकलेला माणूस बॅटरी घेऊन गव्हाला, चन्याला पाणी द्यायला, ओलिताला निघतो. वाटेत रानडुकरं असतात, साप असतात. तो परत येईपर्यंत वहिनी जागी बसते. गेल्या हिवाळ्यात त्याचा पाटात पाय घसरला आणि गुडघा चांगलाच दुखावला. सावंगीच्या दवाखान्यात दाखवायला आणला, तेव्हा वहिनीनं मला बाजूला घेतलं.

"बाई, या बारीले त्याहीले घेऊन जा. तुमचं लिहिलेलं कोणी वाचत नाई. त्याहीच्या तोंडून आयकू द्या."

दिवसाची लाइन मिळणार असं काही कळलं तर ठीक, नाहीतर येत्या रब्बीला वावर मक्त्यानं दुसऱ्याला कसायला द्यायचं, असं दोघांचं ठरलं होतं. नंतर हे सांगताना भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. इतकी वर्षं मी जे मागत होते, ते आता माझ्याच घरच्या माणसाला लागणार होतं, आणि माझ्या हातात तेव्हाही काही नव्हतं, आताही नव्हतं.

सुनावणी नागपूरला होती. निघताना समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींनी, पिशवीतून सूतमाळा काढून दाखवल्या. सूत त्यांनी स्वतः पेटीचरख्यावर कातलेलं होतं. वर्ध्याकडे पाहुण्याच्या गळ्यात सुताची माळ घातल्याशिवाय सभेला सभा वाटत नाही. मी म्हटलं, गुरुजी, ही सभा नाही, सुनावणी आहे. ते म्हणाले, तिथे माणसंच बसलेली असतात ना? सकाळी सकाळी वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

कारखानदारांच्या वकिलांनी अर्धा दिवस खाल्ला. जेवणानंतर आमची पाळी आली, तसे गुरुजी माळा घेऊन थेट मंचाकडे गेले. आयोगाचे साहेब सज्जन होते. त्यांनी हात जोडून सांगितलं की हे कोर्टासारखंच काम आहे, आम्हाला काही स्वीकारता येत नाही. आता आमच्याकडची रीत अशी की पाहुण्यानं आधी नको म्हणायचं आणि आपण आग्रह करायचा. गुरुजींना वाटलं, साहेब रीत पाळताहेत. त्यांनी आग्रह केला. साहेबांनी पुन्हा हात जोडले. मग गुरुजींनी सुतामागचा विचार समजावून सांगायला घेतला. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. घंटी वाजली तेव्हा आमचा सगळा वेळ संपलेला होता.

मी माईक ओढून घेतला आणि जमेल तेवढं भराभरा बोलले. भावाला पुढे बोलावलं, तर तिथला कर्मचारी म्हणाला, तुमच्याकडून दोघांचं झालं, आता राहिलेलं लेखी द्या. मला रडू फुटायचं बाकी होतं. गुरुजी शेजारी बसून माळांची नीट घडी घालत होते, त्यामुळे त्यांच्यावर चिडताही येईना. बहुतेक त्यांच्याकडे बघूनच साहेबांना दया आली असावी. त्यांनी भावाला एक मिनिट दिलं.

भाऊ उभा राहिला. त्यानं टोपी काढली, परत घातली. मी घरी त्याच्याकडून घोकून घेतलेलं सगळं तो विसरला.

"साहेब, दिवसा लाइन देता येते का नाई, एवढंच सांगा," तो म्हणाला. "नसन येत, तर मी वावर मक्त्यानं देऊन टाकतो. मले रातच्या ओलिताची सवय झाली. घरच्या बाईले नाई झाली अजून. मी येईपर्यंत ते बसून राह्यते."

साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि नोंद घेतल्याचं सांगितलं. परतीच्या गाडीत भाऊ खुशीत होता. साहेबांनी कसं ऐकून घेतलं, ते तो गुरुजींना पुन्हा पुन्हा सांगत होता. त्यांच्याकडे रोज कितीतरी नोंदी होतात, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

पावसाळा संपता संपता आयोगाचा आदेश आला. आमच्या मागणीला त्यात एक परिच्छेद मिळाला होता. शेतीला दिवसा सौर वीज देण्याचं तत्त्व मान्य, काम टप्प्याटप्प्यानं होईल. रोहण्याचा भाग कोणत्या टप्प्यात, याचा उल्लेख नव्हता. गुरुजी पेढे घेऊन आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं म्हणणं आदेशात छापून आलं होतं, तेव्हा त्यांचं काही चुकत नव्हतं. मी पेढा खाल्ला आणि रोहण्याला फोन लावला. भावानं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, आपला टप्पा कधी येणार. मला माहीत नव्हतं. दसऱ्याच्या आत वावर गावातल्याच एका तरुण माणसाकडे मक्त्यानं गेलं.

परवा थंडीत रोहण्याला गेले होते. भाऊ उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. त्याचा गुडघा बरा होता, बोलणं मात्र कमी झालं होतं. वहिनी चहा ठेवत होती. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हटलं, चला, तुमची जागरणं तरी सुटली.

"कायची सुटली, बाई," ती म्हणाली. "ज्यानं वावर घेतलं, तो शेजारीच राह्यते. तो रातच्या ओलिताले गेला का त्याची बायको लहान लेकरू घेऊन एकटी बसते. मंग मले जा लागते तिच्याजवळ."

चहा पुढ्यात ठेवून तिनं विचारलं, पुढची सुनावणी कधी आहे. मी म्हटलं, लागेल कधीतरी. मग या खेपेला त्या पोरीला घेऊन जा, असं ती म्हणाली. खरं सांगायचं तर मला आता कुठेच जायचं नव्हतं. सुटका व्हावी म्हणून मी विचारलं, तिच्या तान्ह्या लेकराला दिवसभर कोण सांभाळेल?

"मी हावो ना," वहिनी म्हणाली.