दोघांपुरती कृपा

लुव्हीनिया हूक्सनं एकोणतीस वर्षं सँडर्सव्हिलमध्ये शाळेची बस चालवली. त्या एकोणतीस वर्षांत तिची बस एकदाही चरात गेली नाही की एकदाही उशिरा पोचली नाही. अशा बाईला प्रवास कसा करावा हे सांगायला जाणं म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवणं. तरी आमच्या चर्चनं ते केलं, आणि वर उपकाराच्या भावनेनं केलं.

प्रवास तरी केवढा? सव्हाना, नदीकाठचं जुनं बंदर. गाडीनं दोन-सव्वादोन तास. दोन रात्री आणि दोन माणसं, ती आणि तिचा नवरा वेंडेल.

वेंडेल छत्तीस वर्षं चॉकच्या खाणीत होता. आमच्याकडे जमिनीतून जी पांढरी माती निघते तिला सगळे चॉकच म्हणतात. निम्म्या गावानं तिच्यावर घरं बांधली आणि उरलेल्या निम्म्यानं तिच्यावर खोकला कमावला. वेंडेल निवृत्त झाला तो धडधाकट. पण गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय ओढत चालावं लागतं, हातात काठी आली आणि बोलणं सावकाश झालं. डोक्यात सगळं जागच्या जागी आहे, फक्त शब्द जिभेवर यायला वेळ घेतो. तेवढा वेळ द्यायला कोणी तयार नसतं. तो "मला का..." म्हणाला की भोवतीचे चौघे "कॉफी? काठी? कागद?" असा लिलाव सुरू करतात. त्याच्या देखत लुव्हीनियाला विचारतात, "कसा आहे गं तो आता?" जणू तो गोठ्यातला बैल. चौदा महिने हे ऐकून वेंडेलनं चारचौघांत तोंड उघडणंच सोडून दिलं. घरी बोलायचा, कारण घरी लुव्हीनिया वाट बघायची.

सव्हानाचं खूळ मात्र जुनं होतं. त्रेचाळीस वर्षांपूर्वी लग्नानंतर दोघं तिथंच जाणार होते. गाडी अंगणात उभी, पिशव्या भरलेल्या, आणि सासूबाई टोपी घालून बाहेर आल्या. "सव्हानात माझी मावशी असते. बरी नसते बिचारी. मीही येते." त्या पुढच्या सीटवर बसल्या. नवी नवरी मागे, मांडीवर मावशीसाठी केलेला केक. मावशीच्या घरी खाटा दोन, म्हणून बायका एका खोलीत आणि वेंडेल ओसरीवर. तीन दिवस मावशीचे पाय चेपून लुव्हीनिया परत आली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, तोंड मिटून गप्प बसली. आपण गप्प बसलो याचा राग तिला आजही येतो.

म्हणून या एप्रिलमध्ये तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर सव्हानाचा नकाशा पसरला आणि तांबडी पेन्सिल घेतली.

"तुझा पाय किती चालतो?" तिनं विचारलं.

"पत्र... पेटीपर्यंत," वेंडेल म्हणाला. त्यांची पत्रपेटी रस्त्याच्या तोंडाशी आहे, घरापासून चांगली लांब. "आणि परत. मग... बसावं लागतं."

"मग ऐक. या गावात दर दोन गल्ल्यांवर एक चौक आहे. चौकात झाडं, झाडांखाली बाकडी. जॉन्सन चौकातून राइट चौकात जायचं म्हणजे पत्रपेटीपर्यंत जाऊन परत येणं, फार तर चार पावलं जास्त. तिथं बसायचं. दम खायचा, लोकांच्या टोप्यांना नावं ठेवायची. मग चिपेवा, मग मॅडिसन, मग मॉंटेरी. पाच थांबे, आणि त्याच्यापुढं मोठं उद्यान, कारंजं असलेलं."

वेंडेल नकाशावर वाकला. "बस... लावलीस की... तू."

"लावली. आणि माझ्या बसमध्ये कोणी उभं राहात नाही."

तो हसला. झटक्यानंतर त्याचं हसू एका बाजूनं वर जातं आणि लुव्हीनियाला ते पहिल्यापेक्षा जास्त आवडतं, पण हे तिनं कधी त्याला सांगितलेलं नाही. मग त्यानं नदीवर बोट ठेवलं. त्यानं छत्तीस वर्षं उकरलेली माती आगगाडीनं सव्हानाला जायची आणि तिथून जहाजानं जगभर. ते जहाज त्यानं कधी बघितलं नव्हतं. नदीकाठी उतरायला दगडी पायऱ्या आहेत, उभ्या आणि निसरड्या. लुव्हीनियानं चार ठिकाणी फोन करून असं हॉटेल शोधलं की ज्याची लिफ्ट थेट खाली नदीवर उतरते. खिडकीतून पाणी दिसणारी खोली, एकच मोठा पलंग. पलंग एकच आहे ना, हे तिनं दोनदा विचारून घेतलं.

मुलगी डेनेट्रा अटलांटाला असते. तिचा फोन आला.

"आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? डॅडी पडले तर?"

"पडले तर उचलीन."

"तू चौसष्ट वर्षांची आहेस."

"मग त्यांना सांगीन, हळू पडा."

"मी येते. शेजारची खोली घेते. तुम्हाला त्रास नाही देणार."

"तुझ्या आजीनंही असंच सांगितलं होतं," लुव्हीनिया म्हणाली आणि फोन ठेवला.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पुढं तिनं जे केलं त्याला आमच्यात हात दाखवून अवलक्षण म्हणतात. रविवारी चर्चमध्ये पास्टर मोब्लींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला प्रार्थना मागायची आहे?" आमच्याकडे कोणी गावाबाहेर जाणार असलं की उभं राहून प्रवासाची कृपा मागतं. न मागता गेलेला माणूस आणि टायरमध्ये हवा न भरता गेलेला माणूस आमच्या लेखी सारखाच. लुव्हीनिया सवयीनं उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मी आणि वेंडेल सव्हानाला निघालोय. दोघांसाठी प्रवासाची कृपा मागा." सगळे "आमेन" म्हणाले. खाली बसता बसता तिनं पुढच्या रांगेतली पांढरी टोपी आपल्याकडे वळलेली पाहिली.

ती टोपी बर्निस प्रॉक्टरची होती. बर्निस आमच्या चर्चमधली सगळी कामं बघते, म्हणजे दुसऱ्यांचीसुद्धा. तिला वाईट म्हणण्याची सोय नाही. वेंडेल आजारी पडला तेव्हा तिनं दोन महिने रोज संध्याकाळी जेवण आणून दिलं, कधी भाजलेली कोंबडी, कधी वाल आणि मक्याची रोटी. लष्कराच्या भाकरी भाजणाऱ्या बायका खूप असतात, बर्निस त्या नेऊनही पोचवते.

बुधवारी ती दारात उभी. हातात कागद.

"सिस्टर लुव्हीनिया, आनंदाची बातमी. चर्चची व्हॅन मिळाली."

"कशाला?"

"कशाला काय? सव्हानाला. नऊ जणांनी नावं दिली. तुम्ही दोघं धरून अकरा. मदर ओझेलापण येणार म्हणतात, एक्याण्णव वर्षांच्या, पण ऐकतात कुठं. तिथल्या जुन्या चर्चमध्ये दुपारी आपलं गाणं ठेवलंय. मासे खायला एक टेबल सांगितलंय. आणि चालवायला तर तू आहेसच."

वेंडेल समोर खुर्चीवर बसला होता. बर्निसनं त्याच्या डोक्यावरून विचारलं, "त्याला व्हॅनमध्ये चढता येईल ना गं? दोन पुरुष घेतलेत मी, उचलायला."

"बर्निस, आम्ही दोघंच जाणार होतो."

"तेच तर. तू एकटी कशी करणार? आम्ही कशाला आहोत मग?" तिनं लुव्हीनियाचा हात दाबला, वेंडेलच्या गालाला हात लावला आणि कागद टेबलावर, नकाशाच्या वर ठेवून गेली.

दार लागलं. मग वेंडेलनं काठी उचलली.

"रद्द... कर."

"काय?"

"मी... सामान... म्हणून... नाही... येणार."

बाकीच्या जगानं काहीही म्हटलं असतं तर लुव्हीनियाला चाललं असतं. पण हे तिला लागलं, कारण ते खरं होतं. अकरा जणांत तिनं व्हॅन चालवायची आणि त्यानं दुसऱ्यांकडून उचलून घ्यायचं, एवढंच त्या प्रवासात त्यांच्या वाट्याला उरलं होतं. तिनं बर्निसला फोन करायला हात पुढं केला आणि मागं घेतला. फोनवर बर्निसशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय मागितलं सगळ्यांसमोर होतं, तेव्हा परतही सगळ्यांसमोरच करायला हवं होतं. पुढचे तीन दिवस ती भांडी जरा जास्तच जोरानं घासत होती.

रविवारी पास्टरांनी विचारलं, "कुणाला प्रार्थना मागायची आहे?"

लुव्हीनिया उभी राहिली. "मला मागितलेली परत करायची आहे."

पास्टर मोब्ली तीस वर्षं व्यासपीठावर आहेत, पण असं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. "परत म्हणजे, सिस्टर?"

"म्हणजे मागच्या रविवारी मी दोघांसाठी कृपा मागितली. मला अकरा जणांची मिळाली. भीक नको, पण कुत्रं आवरा."

मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. बर्निस उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता, आणि ते बघून लुव्हीनियालाही वाईट वाटलं, पण ती खाली बसली नाही.

"आम्ही तुझ्याच भल्यासाठी..." बर्निस म्हणाली. "तो पडला तर कोण उचलणार?"

"बर्निस, तू माझ्या घरी दोन महिने जेवण पोचवलंस. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या जेवणाच्या बदल्यात मी माझा नवरा वाटून दिलेला नाही. त्रेचाळीस वर्षं झाली माझ्या लग्नाला. पहिल्या फेरीला सासू आली, तेव्हा मी गप्प बसले. या वेळी नाही बसणार. तुम्ही खुशाल जा सव्हानाला, अख्खी व्हॅन भरून जा. फक्त त्या दोन दिवसांत नाही, आणि चालवायला मी नाही."

मग काठी टेकल्याचा आवाज झाला. वेंडेल उठत होता.

लगेच चारी बाजूंनी लिलाव सुरू झाला. "पाणी हवंय का त्याला?" "बाहेर न्या, बाहेर." "गरम होत असेल." दोघं पुरुष उठलेसुद्धा, तेच दोघं, उचलायला नेमलेले.

लुव्हीनियानं हात आडवा केला. बसमधली पोरं उतरताना ती मागची सगळी वाहतूक अडवायची, तेव्हा असायचा तसा तिचा चेहरा होता. "कोणी जागचं हलायचं नाही. आणि कोणी त्याला शब्द सुचवायचा नाही."

"मी..." वेंडेल म्हणाला. पुढचा शब्द येईना. त्याच्या कपाळावर घाम आला. अनेकांच्या ओठांवर त्याचं उरलेलं वाक्य तयार होतं, हे दिसत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून मदर ओझेलांचा थरथरता आवाज आला. "सावकाश, बाळा. वेळ घे."

पास्टर प्रवचनात अडखळले तर आम्ही हेच म्हणतो. कोणाला साक्ष देताना रडू आलं तरी हेच म्हणतो. दर रविवारी म्हणतो. चौदा महिन्यांत वेंडेलला मात्र आमच्यापैकी एकानंही हे म्हटलं नव्हतं. मला ते तेव्हा कळलं आणि माझी मान खाली गेली.

"वेळ घे," दुसरं कोणी म्हणालं. मग तिसरं.

"मी... अजून... या बाईचा... नवरा आहे."

"सावकाश, ब्रदर."

"आजारी... नवरा. पण... नवरा." त्यानं काठीवरचा हात बदलला. "पडलो... तर... पडेन. ती... हसेल... आधी. मग... उचलेल. तुम्ही..." तो थांबला. कोणी मध्ये पडलं नाही. पास्टरसुद्धा थांबले, आणि त्यांना थांबवणं सोपं नाही. "तुम्ही... प्रार्थना... इथूनच करा. देवाला... व्हॅन... लागत नाही."

आधी मदर ओझेला हसल्या, मग सगळं चर्च. पास्टरांनी चष्मा काढून पुसला. वेंडेल आपला आपण खाली बसला. लुव्हीनियानं त्याला हात दिला नाही, शेजारी बसून तिनं आपले हात मांडीवर घट्ट मिटून ठेवले.

सभा संपल्यावर बर्निस त्यांच्याकडे आली. टोपी जरा वाकडी झाली होती. तिचे डोळे लाल होते आणि तिला राग आलेला होता, थोडा त्यांचा, थोडा स्वतःचा. सवयीनं ती लुव्हीनियाकडे वळली, मग थांबली आणि वेंडेलसमोर जाऊन उभी राहिली.

"ब्रदर वेंडेल, कधी निघताय?"

"शु..."

दिवस तिला ठाऊक होता. सगळ्या चर्चला ठाऊक होता. तिचे ओठ हलले, आणि तिनं ते दातांखाली दाबून धरले. आम्ही चार-पाच जण दाराशी उभे राहून बघत होतो. बर्निस प्रॉक्टर गप्प उभी आहे असं आम्ही त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"शुक्र... वारी," वेंडेल म्हणाला. मग पुन्हा दम घेतला. ती अजूनही थांबली होती.

"आणि... तू... येत... नाहीयेस."