चाळीस पानांपुढे

सुई हवेतच थांबवून चाचा म्हणायचे, "थांबा की सर, हितं अडलंय."

दोरा नव्हे, वाक्य. सोलापुरात आमच्या कॉलेजमागे त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. सोळा पानांची एकेक जुडी, म्हणजे जुज, मधोमध उघडून घडीतून सुई घालायची, आणि समोर आलेली ती मधली दोन पानं वाचल्याशिवाय पुढचा जुज घ्यायचा नाही, ही त्यांची रीत. आता तुम्हीच सांगा, जुने तत्त्वज्ञ सलग वाचूनही आपल्याला दाद देत नाहीत, आणि हा गृहस्थ मधली चौदा-चौदा पानं गाळून वाचणार.

मी त्याच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. वीस वर्षं, त्याच त्या नोट्सवर.

एकदा लायब्ररीचा एक जाडजूड ग्रंथ शिवताना त्यांनी विचारलं, "ह्यो म्हणतोय, वस्तू खरी कशी हाय ते मानसाला कळतच न्हाय. मग आपलं चुकलं, हे तरी कसं कळतं सर?"

"ते पुढच्या प्रकरणात येतं," मी म्हणालो. पुढचं प्रकरण मी उघडलेलंही नव्हतं.

माझ्या तासाला खिडकीबाहेर बघणारी मुलं प्रोजेक्टला काळं कव्हर घालायला तिथे जायची आणि तासभर वाद घालत बसायची. हेवा म्हणणं सौम्य झालं, मी जळायचो. 'कळलं न्हाय' हे दोन शब्द चाचा चहा सांगावा इतक्या सहज बोलत, त्याचीच आग जास्त. मला ते शब्द परवडत नव्हते.

पुढे त्याच ग्रंथाच्या माझ्या प्रतीच्या पुठ्ठ्याला वाळवी लागली, म्हणून ती चाचांकडे दिली. तरुणपणी रद्दीतून आणलेली प्रत. पानं जुन्या पद्धतीची, कडेला जोडलेली. वाचणाऱ्याने सुरीने मोकळी करत पुढे जायचं. हे मी साफ विसरलो होतो.

आठ दिवसांनी गेलो तर मुलं बसलेली. चाचांनी आधी त्यांना वाटेला लावलं. मग हळूच म्हणाले, "सर, चाळीस पानांपुढं समदी जोडलेलीच हायत. तुमालाबी तितंच अडलं व्हय?"

त्यांचा चेहरा उजळला होता. मला तो झोंबला.

"ही दुसरी प्रत. वाचलेली घरी आहे," मी म्हणालो.

"व्हय की," म्हणत त्यांनी पुस्तक कागदात गुंडाळून दिलं. त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. भेटायला गेलो, तेव्हा चाची चहा पुढे ठेवून म्हणाल्या, "तुमचं लई नाव काढायचे. सरांना समदं कळतं म्हणायचे."

का कोण जाणे, मी सांगून टाकलं. म्हटलं, चाची, मलाही चाळीस पानांपुढे जाता आलं नाही.



"मग त्यांना सांगायचं की सर," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटायचं, न कळनारे आपन एकटेच हाय."